कॉन्स्टंटाइनचं 'स्पेस पुब्लिक' घेताना

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचं इ.स. ३२७ चं ब्राँझचं नाणं, 'स्पेस पुब्लिक' (लॅटिनमध्ये 'जनतेची आशा'), लिलावात आलंय, ते अस्सल आहे का? आणि डोंबिवलीच्या हवेत ब्राँझ टिकेल का? लंडनमधला तुमचा भाऊ ते घेऊन येईल, असंही तुम्ही म्हणता.

आधी नाणं. हे फक्त कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) टांकसाळीत पाडलं गेलं. मागच्या बाजूला ध्वज आहे, ध्वजाच्या टोकाला ख्रिस्ताचं चिन्ह, कापडावर तीन ठिपके, आणि दांडा थेट सापाच्या अंगात घुसलेला. हा साप म्हणजे ३२४ मध्ये हरलेला कॉन्स्टंटाइनचा प्रतिस्पर्धी सम्राट लिसिनिअस, असं बहुतेक अभ्यासक मानतात. खाली सी-ओ-एन-एस ही चार अक्षरं हवीतच. दुसऱ्या टांकसाळीची अक्षरं दिसली तर पुढे बघूच नका. वजन साधारण ३ ग्रॅम, व्यास १८-१९ मिमी. पण त्या काळी वजनाचा काटेकोरपणा नव्हता, त्यामुळे नुसतं वजन बरोबर आलं म्हणून नाणं अस्सल ठरत नाही.

मागणी मोठी आणि नाणी थोडी, म्हणून नकला भरपूर. विक्रेत्याकडून कडेचा फोटो मागून घ्याच. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याच्या सांध्याची रेघ असते, किंवा ती घासून काढल्याच्या खुणा. दहापट भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक गोल खळगे दिसतात, ते हवेचे बुडबुडे. अक्षरांचे पाय साबणासारखे गुळगुळीत वाटतात. ठोकलेल्या नाण्यात धातू कडेकडे सरकल्याच्या बारीक रेषा दिसतात. जुन्या लिलावांचे फोटोही चाळा. त्याच जागी चीर, तितकंच तिरकं ठोकलेलं, असं जुळं सापडलं तर दोन्ही एकाच साच्यातली समजा. हातानं ठोकलेल्या दोन नाण्यांना सारखीच चीर पडत नाही.

नाणं हातात आल्यावर कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून कडेला फिरवा. ॲसिटोननं खऱ्या पाटिन्याला (ब्राँझवर काळानं चढलेल्या थराला) काही होत नाही. रंग किंवा चिकटवलेली 'वाळवंटी' माती मात्र बोळ्यावर उतरते. ब्रश, लिंबू, चिंच अजिबात नको. या नाण्यांवर मुळात चांदीचा पातळ मुलामा असे आणि त्याचे अंश अक्षरांच्या बेचक्यांत उरलेले असतात. एकदा गेले की गेले.

आता हवा. खरा शत्रू म्हणजे ब्राँझ डिसीज. धातूत अडकलेल्या क्लोराइडला दमटपणा मिळाला की आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं आणि चक्र चालू राहतं. वरून दिसते ती फिकट पोपटी पूड. टूथपिकनं टोचून बघा. पाटिना कडक असतो, ही पूड भुगा होऊन निघते आणि पावसाळ्यात पुन्हा त्याच खळग्यात येते.

उपाय सावकाशीचा आहे. भिंगाखाली पूड टोकरून काढा. मग नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, काही आठवडे. नळाचं पाणी चालणार नाही, त्यात क्लोरीन असतं. शेवटी ॲसिटोनमध्ये बुडवा, ते पूर्ण उडून गेल्यावरच (ते पेट घेतं) ओव्हनमध्ये १०० अंशांवर तासभर वाळवा. सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं ५ टक्के द्रावण क्लोराइड लवकर काढतं, पण पाटिन्याचा रंग बदलू शकतो. इतक्या दुर्मीळ नाण्यावर ते शेवटी.

ठेवताना मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांनी नाण्यावर हिरवा चिकटपणा येतो. मायलरची (पॉलिएस्टरची) घ्या. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० टक्क्यांखाली राहायला हवा. नारिंगी जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरता येतं. जून ते सप्टेंबर आठवड्याला एकदा डबा तपासा, पण उघडा कमीच.

लंडनचा भाऊ नाणं घेऊन येणार असेल तर आधी एक ठरवा: ते कायमचं इथेच ठेवायचं आहे का? १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. पुढे परदेशात विकायचं असेल तर भावाकडेच राहू द्या.