मिठाच्या पाण्यातली करकरीत काकडी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): शेपू घालून मिठाच्या पाण्यात काकडी आंबवते. चव उत्तम येते, पण आठवड्याभरात काकडी मऊ पडते. तुरटी घालावी का?

उत्तर: तुरटीची गरज नाही. आपण काकडीचे देठाकडचे टोक कापून चोळतो ते कडवटपणा जावा म्हणून. मऊपणाचे मूळ मात्र दुसऱ्या टोकाला, जिथून फूल गळलेले असते तिथे असते. तेथील एन्झाइम काकडीचा ताठपणा टिकवणारे पेक्टिन तोडतात, म्हणून त्या बाजूची दोन मिलिमीटरची चकती न चुकता काढावी. कपिलतीर्थ मंडईतून सकाळी आणलेली, बिया न धरलेली कोवळी काकडी तासभर बर्फाच्या पाण्यात ठेवून त्याच दिवशी बरणीत भरावी. मोठा, जून झालेला खिरा कितीही निगुतीने घातला तरी करकरीत होत नाही. काकडी मऊ पडू न देणाऱ्या टॅनिन या तुरट घटकासाठी द्राक्षाची पाने सुचवली जातात, पण बागेतील पानांवर फवारणी झालेली असते, त्यामुळे मी बरणीत चिमूटभर चहापत्ती टाकणे पसंत करतो.

उरतो तो उष्मा. काकडी आंबण्यास २० ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि २७ अंशांच्या वर ती मऊ पडू लागते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत हा खटाटोप करूच नये, थंडीचे दिवस उत्तम.

प्रश्न (गडहिंग्लज): मीठ किती घ्यावे? आयोडीनयुक्त चालेल का?

उत्तर: एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम, आणि तेही वजन करून, कारण खड्याचे आणि बारीक मीठ एकाच चमच्यात सारखे भरत नाही. आयोडीनयुक्त मिठाने आंबणे थांबत नाही. मात्र मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात मिसळलेल्या पदार्थांनी पाणी गढूळ दिसते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, तेव्हा ते उकळून पूर्ण गार करून वापरावे. काकडी सतत पाण्याखाली राहील असे वजन वर ठेवावे आणि झाकण सैल असू द्यावे, म्हणजे आत तयार होणारा वायू बाहेर पडेल.

प्रश्न (कागल): वर पांढरा थर आला आहे. फेकून द्यावे का?

उत्तर: सपाट, पातळ पांढरा थर बहुधा यीस्टचा असतो, तो काढून टाकावा. केसाळ किंवा हिरवी, काळी, गुलाबी बुरशी दिसली, अथवा काकडी बुळबुळीत होऊन घाण वास आला, तर चव न घेता सगळी बरणी रिकामी करावी. नुसते पाणी गढुळले आणि बुडबुडे आले, तर काम नीट चालले आहे. हवा तेवढा आंबटपणा आला की बरणी फ्रिजमध्ये ठेवावी.

प्रश्न (इचलकरंजी): शेपूचे तुरे बाजारात मिळत नाहीत.

उत्तर: भाजीची जुडी फुलावर येण्याआधीच उपटलेली असते, त्यामुळे तुरे हवे असल्यास शेतकऱ्याला आधी सांगून ठेवावे लागते. ते न जमल्यास बाळंतशेपा घ्याव्यात. त्या शेपूच्याच बिया. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा बाळंतशेपा आणि कोवळ्या शेपूच्या चार काड्या पुरतात. बडीशेप मात्र घालू नये, तिचा गोडसर वास या लोणच्याला शोभत नाही.