व्याख्या पाठ आहेत, पण कोड सुचत नाही

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन महिने जावाचे व्हिडिओ पाहतोय. क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम सगळ्याच्या व्याख्या पाठ आहेत. पण कोरी फाइल उघडली की हात थांबतो. जावा सोडून पायथन घेऊ का?

उत्तर : नको. अडचण भाषेची नाही, पायथनमध्येही हात तिथेच थांबेल. दोन-तीन आठवडे व्हिडिओ बंद ठेव आणि एकच क्लास स्वतः लिही.

जेडीके २१ (जावा कोड कंपाइल आणि रन करण्याचा संच) इन्स्टॉल कर. सुरुवातीला साधा एडिटर आणि टर्मिनल पुरे : ‘जावासी’ने कंपाइल, ‘जावा’ने रन. ‘जावासी’ ही कमांडच ओळखली नाही, तर जेडीकेचं बिन फोल्डर बहुधा पाथमध्ये (टर्मिनल कमांड जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) घालायचं राहिलंय. पब्लिक क्लासचं आणि फाइलचं नाव तंतोतंत एकच हवं, कॅपिटल-स्मॉलसकट.

ग्रंथालयासाठी ‘बुक’ क्लास घे. दोन प्रायव्हेट फील्ड : टायटल आणि कॉपीज. एक कन्स्ट्रक्टर. ‘इश्यू’ मेथड : प्रती शून्य असतील तर फॉल्स, नाहीतर एक कमी करून ट्रू. शिवाय शिल्लक प्रती सांगणारी मेथड.

इथे एक चूक हमखास होते. कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरचं नावही ‘कॉपीज’ ठेवलं आणि डावीकडे ‘धिस डॉट’ (म्हणजे ‘याच ऑब्जेक्टचं’) लिहायचं राहिलं, तर पॅरामीटरची किंमत पुन्हा पॅरामीटरलाच मिळते आणि फील्ड शून्यच राहतं. कंपायलर एरर देत नाही. फक्त ‘इश्यू’ प्रत्येक वेळी नकार देतं. कन्स्ट्रक्टरपुढे ‘व्हॉइड’ लावलंस, तर ती साधी मेथड होते आणि ‘न्यू बुक’च्या ओळीवर एरर येते.

आता खरा गाभा. ‘न्यू’ने ३ प्रतींचं पुस्तक तयार करून ‘ए’मध्ये ठेव. ‘बी’ला ‘ए’ असाइन कर. ‘बी’वर एकदा ‘इश्यू’ चालव आणि ‘ए’च्या प्रती छाप. २ येतील. व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसतो, त्याचा रेफरन्स, म्हणजे त्याच्याकडे नेणारा बाण असतो. ‘न्यू’ एकदाच आलंय म्हणून पुस्तकही एकच. कोड चालवण्याआधी उत्तर कागदावर लिही, ऑब्जेक्टसाठी चौकोन आणि रेफरन्ससाठी बाण काढून. हे पक्कं झालं की दोन स्ट्रिंगची तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी का करायची नाही, ‘इक्वल्स’ का लागतं, तेही उलगडेल. नल पॉइंटर एक्सेप्शन म्हणजे बाण कुठेच जात नसताना मेथड बोलावणं.

मग अ‍ॅरेलिस्टमध्ये (जावाची वाढत जाणारी यादी) दहा पुस्तकं घालून टायटलवरून शोध लिही.

इनहेरिटन्सकडे घाईने वळू नकोस. मुलाखतीत व्याख्या सांगितल्यावर ‘इथे का वापरलं?’ हा प्रश्न येऊ शकतो, आणि त्याची तयारी अशी होते : ई-बुकला शिल्लक प्रती नसतात, मग ते ‘बुक’चा सबक्लास व्हावं का? की प्रतींचा हिशोबच ‘बुक’मधून काढून वेगळ्या क्लासकडे द्यावा? दोन्ही आराखडे कागदावर मांड, कुठे काय अडतं ते लिही, मगच ‘एक्स्टेंड्स’ हा इनहेरिटन्सचा शब्द टाइप कर.