घोड्याचा मोडलेला पाय आणि बंद पडलेली ‘लक’: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

मागच्या वेळी बोलता बोलता मी घोड्यांच्या शर्यतींवरच्या ‘लक’ या अमेरिकन मालिकेचं नाव घेतलं आणि तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तिच्यावरच प्रश्न पाठवले. मी घोड्यांचा डॉक्टर, पुण्या-मुंबईच्या तबेल्यांत बरीच वर्षं काढलेली, त्यामुळे हा विषय निघाला की मला थोडक्यात बोलता येत नाही. मोठी उत्तरं वाचायची तयारी ठेवा.

ही मालिका नक्की कशामुळे बंद केली? कोणी म्हणतं घोडे मेले म्हणून, कोणी म्हणतं बघणारेच नव्हते. खरं काय? (कोल्हापूर)

दोन्ही खरं आहे, पण बंद पडली ती घोड्यांमुळेच. एचबीओ या अमेरिकन टीव्ही वाहिनीची ही मालिका, लिहिणारा डेव्हिड मिल्च, पहिला भाग मायकल मानने दिग्दर्शित केलेला, डस्टिन हॉफमन आणि निक नोल्टी मुख्य भूमिकांत. शूटिंग कॅलिफोर्नियातल्या आर्केडियाच्या सांता अनिता रेसकोर्सवर, म्हणजे १९३४ पासून चालू असलेल्या खऱ्याखुऱ्या रेसकोर्सवर. २९ जानेवारी २०१२ ला मालिका रीतसर सुरू झाली, पहिल्या रात्री साधारण ११ लाख लोकांनी बघितली, एचबीओच्या मानाने हा आकडा काही फार नव्हता, तरी दोनच दिवसांत दुसरा सीझन मंजूर झाला. नुसता प्रेक्षकांचाच हिशोब असता तर तेव्हाच हात आखडता घेतला असता ना?

पहिल्या सीझनच्या शूटिंगमध्ये दोन घोडे गेले होते, एक पहिल्या भागाच्या वेळी आणि दुसरा सातव्या भागाच्या. दोघंही शर्यतीचा सीन चालू असताना पडले, पाय मोडले आणि त्यांना इंजेक्शन देऊन शांत करावं लागलं. मग १३ मार्च २०१२ ला, दुसऱ्या सीझनचं काम नुकतंच सुरू झालेलं असताना, तिसरी घोडी गेली आणि दुसऱ्याच दिवशी एचबीओने मालिका थांबवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की आम्ही शक्य ती सगळी काळजी घेतली, पण पुढे असं होणारच नाही याची हमी देता येत नाही. तयार असलेले दोन भाग तेवढे दाखवले, २५ मार्चला नववा भाग झाला आणि संपलं. प्रेक्षक कमी होते म्हणून निर्णय सोपा गेला असेल असं मलाही वाटतं. पण ती तिसरी घोडी वाचली असती तर दुसरा सीझन आपण बघितला असता हे नक्की.

आमच्या गाईचा पाय मोडला होता, कामट्या बांधून बरा केला, अजून दूध देते. मग एवढ्या लाखमोलाच्या घोड्याला लगेच मारून का टाकतात? जीवावर येतं हो ऐकून. (अकोले, शेतकरी)

दादा, हा प्रश्न मला तबेल्याबाहेर भेटणारा जवळजवळ प्रत्येक माणूस विचारतो आणि त्यात चूक काहीच नाही, कारण बाहेरून बघताना ते निर्दयपणाचंच वाटतं.

आधी घोड्याचा पाय हाताने चाचपून बघा, म्हणजे पुढच्या पायाचा गुडघा धरा आणि तिथून खाली खुरापर्यंत हात फिरवा, तुम्हाला मांस लागणारच नाही. कातडी, तिच्याखाली दोरखंडासारखे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे पट्टे, त्याखाली हाड, बस. मांस नाही म्हणजे रक्तपुरवठा कमी, आणि रक्त कमी म्हणजे हाड जुळायला वेळ लागतो, शिवाय मोडलेलं हाड ती पातळ कातडी फाडून बाहेर आलं की घाण आत जाते. त्यावर साडेचारशे-पाचशे किलोचं धूड. पूर्ण वेगात धावताना एक क्षण असा येतो की पुढचा एकच पाय जमिनीवर असतो आणि त्या पायावर अंगाच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. अशा वेळी हाड मोडतं ते काठीसारखं दोन तुकड्यांत मोडत नाही, खडूचा चुरा व्हावा तसं होतं.

आता तुमची गाय. गाय बसते, रवंथ करते, दिवसाचा कितीतरी वेळ दुखरा पाय आपोआप विश्रांतीत असतो आणि स्वभावाने ती सोसणारी. घोडा उभ्या उभ्या झोपणारं जनावर, त्याला दिवसेंदिवस आडवं ठेवलं तर त्याच्याच वजनाने स्नायू दबतात, फुप्फुसं दबतात, आतड्यांचं काम बिघडतं. घाबरला की पळणं एवढंच त्याला ठाऊक, प्लास्टर आहे की नाही हे तो बघत नाही.

आणि समजा तो शांत उभा राहिला, तरी उभा राहणार तीन पायांवर. मग चांगल्या पायावर जास्तीचा भार येतो आणि त्या खुराच्या आत हाड आणि खुराची भिंत यांना धरून ठेवणारी जी नाजूक पकड असते ती सुटायला लागते. आम्ही याला लॅमिनायटिस म्हणतो. बोटापासून नख सुटावं आणि त्याच नखावर सगळं अंग तोलून उभं राहावं लागावं, अशी ती वेदना. बार्बारो नावाचा घोडा होता, २००६ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकलेला, दोन आठवड्यांनी प्रीकनेस या दुसऱ्या मोठ्या शर्यतीत त्याचा मागचा पाय मोडला. पैशाला तोटा नव्हता, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या हॉस्पिटलात उत्तम सर्जन होते, धातूची पट्टी आणि स्क्रू घालून पाय जोडला, महिनोन्महिने झगडले. मोडलेला पाय बराच सावरला होता, पण बाकीच्या पायांत लॅमिनायटिस शिरला आणि २९ जानेवारी २००७ ला त्याला निरोप द्यावा लागला. इतकं सगळं करूनही. म्हणून काही मोडी अशा असतात की डॉक्टर बघताक्षणी ओळखतो, आणि तिथे उशीर करणं म्हणजे आपल्या मनाच्या समाधानासाठी त्या जनावराला रखडवणं. सगळ्याच मोडींना हे लागू नाही, बारीक तडे आणि काही साध्या मोडी ऑपरेशनने छान बऱ्या होतात, घोडे परत धावतातसुद्धा.

तिसरी घोडी तर धावतच नव्हती म्हणे. मग कशी काय मेली? (ठाणे)

बरोबर, ती धावत नव्हती. सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा माणूस, तिला हाताने धरून तबेल्याकडे परत नेत होता, वाटेत ती मागच्या पायांवर उभी राहिली, तोल जाऊन पाठीवर उलटली आणि डोकं जमिनीवर आपटलं. त्याच दिवशी डॉक्टरने तिला तपासून ठीक म्हटलेलं होतं. घोडा असा उताणा पडला की मार बसतो दोन कानांच्या मागे, आणि आत कवटीच्या तळाचं हाड तुटतं, कधी कधी नाकातून-कानातून रक्त येतं आणि मग करण्यासारखं फार काही उरत नाही.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका तबेल्यात सकाळचं ट्रॅकवर्क, म्हणजे ट्रॅकवरचा सराव, संपवून एक तीन वर्षांची फिली, म्हणजे तरुण घोडी, परत येत होती, पावसाचे दिवस, पत्र्यावर बांधलेली ताडपत्री वाऱ्याने फाडकन वाजली. फिली उभी राहिली. धरणारा पोरगा नवीन होता, घाबरून त्याने दोर खाली खेचला, आणि नेमकं तेच करायचं नसतं, कारण घोडा वर गेलेला असताना तोंड ओढलं की तो आणखी मागे रेलतो. शेजारून एक म्हातारे सईसचाचा ओरडले, “छोड! ढील दे!” पोराने दोर सैल सोडला, फिली एक क्षण हवेतच थांबल्यासारखी झाली आणि मग धप्पकन पुढचे पाय खाली आले. हातभराच्या दोराने वाचली ती. मी बॅग घेऊन पोचेपर्यंत चाचा तिच्या मानेवर हात ठेवून उभे होते, पोरगा लटलट कापत होता, आणि फिलीचं अंग इतकं थरथरत होतं की पाठीवरचं पावसाचं पाणी उडत होतं.

म्हणून त्या सांता अनिताच्या सईसला मी कधीच दोष देणार नाही. तबेल्यांमध्ये असे अपघात दरवर्षी होतात, कॅमेरा असो वा नसो.

हॉलिवूडमध्ये एवढा पैसा, मग काळजी का नाही घेतली? सिनेमाच्या शेवटी लिहितात ना, प्राण्यांना इजा झाली नाही म्हणून? (नागपूर)

काळजी घेतलीच नाही असं म्हणता येणार नाही. ते वाक्य ज्या अमेरिकन ह्युमेन असोसिएशनचं, तिची माणसं सेटवर हजर होती. त्या देखरेखीची सुरुवातही एका घोड्यामुळेच झाली बरं का, १९३९ च्या ‘जेसी जेम्स’ सिनेमात घोड्याला उंच कड्यावरून पाण्यात पाडलं, तो मेला, लोक खवळले आणि पुढच्या वर्षापासून ही संस्था हॉलिवूडच्या सेटवर जायला लागली. ‘लक’मध्ये दुसरा घोडा गेल्यावर नियम अजून कडक केले, पायांचे एक्स-रे वगैरे.

पण माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. मेलेल्या पहिल्या दोन घोड्यांपैकी एक आठ वर्षांचा होता आणि कित्येक वर्षं शर्यतीत उतरलेला नव्हता, त्याच्या सांध्यांत संधिवात होता असं पेटा या प्राणीहक्कवाल्या संस्थेने जाहीरपणे म्हटलं होतं. हे वाचल्यावर माझ्यातला डॉक्टर अस्वस्थ होतो. हाड हे जिवंत असतं, रोजच्या मेहनतीप्रमाणे ते घट्ट होतं आणि मेहनत थांबली की सैलावतं. शर्यतीतून बाहेर पडलेल्या घोड्याला परत वेगात पळवायचं तर आठवडेच्या आठवडे हळूहळू चढवत न्यावं लागतं. सीनसाठी जरी थोडंच अंतर पळवलं, मध्ये विश्रांती दिली, तरी त्या थोड्या अंतरात वेग खराच असतो आणि पायावरचा भारही खराच असतो. घोड्याला काय कळणार की ही खोटी शर्यत आहे? शेजारी दुसरा घोडा पळतोय म्हटल्यावर तो जीव तोडून पळतो.

आणि एक्स-रेवर फार भिस्त ठेवू नका. मोठी मोड होण्याआधी हाडात जे बारीक बदल होत असतात ते साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाहीत. असे बदल दाखवणारा पेट स्कॅन उभ्या घोड्याच्या पायाचा काढायचं मशीन सांता अनितावर आलं ते २०१९ च्या शेवटी, ‘लक’ बंद होऊन सात वर्षं उलटल्यावर.

तीन घोड्यांसाठी मालिका बंद केली, पण शर्यती तर चालूच आहेत की तिथे! हा दुटप्पीपणा नाही का? (पुणे)

राग समजतो तुमचा. त्याच सांता अनितावर डिसेंबर २०१८ च्या शेवटापासून जून २०१९ पर्यंतच्या एका हंगामात ३० घोडे गेले. मार्चमध्ये काही आठवडे रेसिंग थांबवलं, ट्रॅक तपासला, औषधांवर आणि चाबकावर निर्बंध आले, पण रेसकोर्स बंद झाला नाही. पुढे २०२० च्या अखेरीस अमेरिकेत रेसिंगच्या सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला आणि त्याचे ट्रॅकचे नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाले, तोपर्यंत तिकडे राज्याराज्यांत वेगवेगळे नियम होते.

तरीही मला वाटतं मालिका बंद केली ते योग्यच केलं. एकीकडे जास्त मरतात म्हणून दुसरीकडे मरू द्यावेत हा हिशोब मला पटत नाही. गोष्ट सांगायला घोडा पूर्ण वेगात पळवलाच पाहिजे असं कुठेय? जवळून घेतलेले शॉट, यांत्रिक घोडा, खऱ्या शर्यतींचं चित्रण, हे सगळं उपलब्ध होतं. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींनाही मी हेच म्हणतो, सुप्रीम कोर्टाने १८ मे २०२३ ला परवानगी कायम केली, ठीक आहे, पण जनावर तपासायला घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, डॉक्टर खरोखर उभा असतो का आणि त्याने नको म्हटलं तर ऐकतात का, हे बघायला पाहिजे.

आपल्याकडे शूटिंगमध्ये घोडा वापरायला परवानगी लागते का? (कॉलेजची विद्यार्थिनी, शॉर्ट फिल्म करतेय)

लागते, आणि तू आधी विचारलंस हे फार चांगलं केलंस. परफॉर्मिंग अ‍ॅनिमल्सचे २००१ चे नियम आहेत, त्याप्रमाणे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे शूटिंगच्या आधी अर्ज करायचा, जनावराच्या फिटनेसचं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडायचं, आणि शूटिंग झाल्यावर एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, घ्यायची. वेळ जातो त्यात, तो धरूनच शूटिंगच्या तारखा ठरव. आणि भाड्याचा घोडा आणशील तेव्हा तू स्वतः त्याला दहा पावलं सरळ चालवून आणि वळवून बघ, पाऊल टाकताना दरवेळी डोकं वर-खाली होत असेल तर पुढचा पाय दुखतोय समज आणि दुसरा घोडा माग.

रेसिंगमधलं ओ की ठो कळत नाही, तरी ‘लक’ बघावी का? (नाशिक)

बघा. सुरुवातीचे दोन भाग गोंधळायला होईल, कारण मिल्च स्वतः रेसच्या घोड्यांचा मालक होता, त्याचा ‘गिल्डेड टाइम’ हा घोडा १९९२ ची ब्रीडर्स कप जुव्हेनाइल ही मोठी शर्यत जिंकलेला, त्यामुळे तो समजावून सांगत बसत नाही. चार कफल्लक मित्र ‘पिक सिक्स’ लावतात, म्हणजे ओळीने सहा शर्यतींचे विजेते आधीच सांगायचे, आपल्या महालक्ष्मीवर जॅकपॉट लावतात तसाच प्रकार. एवढं माहीत असलं की पुढे अडत नाही. एक जॉकी तर खराखुरा जॉकी आहे, गॅरी स्टीव्हन्स, त्याची घोड्यावरची बैठक बघा, नट शिकून तशी बसत नाही. निक नोल्टीचा म्हातारा ट्रेनर घोड्याशी पुटपुटत बोलतो ते मला आमच्या सईसचाचांसारखंच वाटतं.

पहिल्या भागात मात्र मन घट्ट करून बसा. गोष्टीतला एक घोडा शर्यतीत पाय मोडून कोसळतो, कोवळा जॉकी त्याच्याजवळ बसतो आणि कॅमेरा घोड्याच्या डोळ्यापाशी थांबतो. तो सीन लिहिलेला आहे, अभिनय आहे. पण ह्याच भागाच्या शूटिंगमध्ये पहिला खरा घोडा गेला, आणि मला तो डोळा बघताना दरवेळी त्याचीच आठवण येते.