दानशूर खोड, दिलदार लिही

अगं, शिपाईकाकांच्या निरोपाच्या कार्डाचा मजकूर वाचला, छान जमलाय, फक्त "दानशूर व्यक्तिमत्त्व" बघून हसूच आलं मला. दानशूर म्हणजे कर्ण, इंद्र ब्राह्मणाच्या वेषात आला तरी अंगावरची कवचकुंडलं उतरवून देणारा. आणि हल्ली तो शब्द दिसतो कुठे, तर पेपरातल्या आवाहनात, "दानशूरांनी सढळ हाताने मदत करावी", नाहीतर देवळातल्या संगमरवरी पाटीवर. काकांच्या नावाची पावती कधी कोणी फाडलीय का?

काका दिलदार आहेत. तुझ्या पहिल्या महिन्यात पगार अडकला होता तेव्हा स्वतःच्या डब्यातली भाजी आधी तुझ्या ताटात वाढायचे, आणि स्कूटरची किल्ली मागितली की "कुठे चाललीस" विचारायच्या आधी किल्ली हातात, वर पेट्रोल कमी आहे गं म्हणून तेच ओशाळणार.

शब्द फारसीतला आहे, दिल म्हणजे काळीज आणि दार म्हणजे बाळगणारा, दुकानदार-जमीनदारमधला तोच दार. गंमत म्हणजे फारसी-उर्दूत दिलदार बऱ्याचदा प्रियकर किंवा प्रेयसी असते, हिंदी गाण्यांतही तसाच भेटतो, आपण मात्र मराठीत आणून त्याला मोठ्या मनाचा माणूस करून टाकलं. आणि तो दार तर आपल्याला इतका आवडला की घरच्या शब्दांना पण चिकटवला, पाणीदार, डौलदार, चवदार, महाडचं चवदार तळं बघ ना.

दिलदार व्हायला खिशात पैसे लागत नाहीत. म्हणून तर "दिलदार शत्रू" म्हणतो आपण, दानशूर शत्रू ऐकलायस कधी?

"उदार" पण चालेल म्हणशील, चालेल, पण तो जरा पुस्तकी वाटतो, शिवाय "जिवावर उदार" म्हटलं की अर्थ भलतीकडेच जातो.

एक चूक मी केलेली सांगते. एका साहेबांच्या निरोपाला मी भाषणात तीनदा दिलदार म्हटलं, कारण ते सगळ्यांना पार्ट्या द्यायचे, आणि मागून कोणीतरी पुटपुटलं, बिलं ऑफिसच्या खात्यावर जायची, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! कान लाल झाले माझे.

तर दानशूर काढ, दिलदार टाक, आणि खाली स्कूटरचा किस्सा दोन ओळीत लिही. काकांच्या आडनावातली वेलांटी पहिली की दुसरी ते मात्र त्यांनाच विचार, ओळखपत्रावर वर्षानुवर्षं चुकीचीच होती.