बारोलोची पहिली बाटली उघडताना

बारोलो म्हणजे इटलीतली, नेबिओलो द्राक्षाची लाल वाइन. रंगावर जाऊ नकोस. या द्राक्षाची वाइन फिकीच दिसते, आणि जुनी झाली की काठाला विटकरी छटा येते. ती बिघडल्याची खूण नव्हे. पहिल्या घोटाला कच्ची सुपारी चघळल्यासारख्या हिरड्या आवळतील. घाबरू नकोस, हा तुरटपणा आणि आंबटपणाच तिला वीस-वीस वर्षं टिकवतो. नियमानं बारोलो किमान ३८ महिने मुरवतात, त्यातले १८ लाकडी पिंपात. तरी दुकानात येते तेव्हा ती बहुधा अल्लडच असते.

तरुण बाटली दोन-तीन तास आधी रुंद भांड्यात ओतून ठेव. जुनी असेल तर आदल्या दिवशी उभी कर, गाळ तळाशी बसू दे. १६-१८ अंशांवर, मोठ्या ग्लासात. मग नुसता वास घेत बस: सुकलेला गुलाब, डांबर (हो, डांबरच!), पुढे ओली माती. बारोलोच्या गावांपैकी ला मोर्राची थोडी मवाळ, सेर्रालुंगाची करारी.

सोबत मंद शिजवलेलं मांस किंवा जुनं चीज. झणझणीत रस्सा नको, तिखटानं तुरटपणा जास्तच बोचतो. एक ग्लासभर दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेव. मला तरी तोच जास्त आवडतो.