चिंटूची वही

प्रश्न : आई ‘चिंटू’ या पेपरातल्या चित्रमालिकेची कात्रणं वहीत चिकटवायची. रोज नवा विनोद एकाच माणसाला कसा सुचायचा? – एक वाचक, सातारा

उत्तर : एकट्याला नाहीच! चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर अशी जोडी होती. चित्रं पंडितांची, डोकं दोघांचं. नोव्हेंबर १९९१मध्ये ‘सकाळ’मधून चिंटू घरोघरी आला. दोन-चार चौकटी, मोजके शब्द आणि शेवटी आईबाबांचा पडलेला चेहरा. माझ्या मते खरा विनोद त्या चेहऱ्यातच असायचा. मी पेपर आला की आधी चिंटू वाचायचो, अग्रलेख नंतर (खरं तर क्वचितच). आईंनी खळ वापरली असेल तर वहीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. कागद खाणारी कसर खळीवर टपलेलीच असते.