रत्नागिरीत हातखंब्याजवळ डंपरची ठोकर, आंबे काढायला झाडावर चढणाऱ्या भावाचा पाय मोडला, इन्शुरन्सवाले साठ हजारात मिटवा म्हणतायत, सही करू का?

अजिबात करू नका. 'फुल अँड फायनल' लिहिलेल्या कागदावर एकदा सही झाली की पुढे भांडणं लय अवघड जातं.

एफआयआर आणि पंचनाम्याची कॉपी घ्या, आणि मग मोटार अपघात न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली क्लेम टाका, रत्नागिरीतच होतो तो, डंपरचा मालक मुंबईचा असला तरी तिकडे धावायची गरज नाही. कायद्यात मुदत अपघातापासून 6 महिने आहे, त्यामुळे प्लास्टर निघायची वाट बघत बसू नका.

आता खरा मुद्दा. भाऊ आंबे काढायला झाडावर चढतो म्हणालात ना? सिव्हिलच्या सर्टिफिकेटवर अपंगत्व समजा 20 टक्केच आलं, पण ज्याचा गुडघा वाकत नाही तो आंब्याच्या कलमावर चढणार कसा? कमाई तर जवळजवळ सगळीच गेली. सुप्रीम कोर्टाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात हेच म्हटलंय, की नुसता टक्का बघू नका, त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघा. म्हणून बागायतदाराकडून मजुरीचं लेखी घ्या, हिशोबाची वही असेल तर तिचे फोटो काढा. औषधांची बिलं, रिक्षा-गाडीभाडं, सांभाळायला घरी थांबलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, पुढचं ऑपरेशन, सगळं मागता येतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. आणि तडजोड करायचीच असेल तर लोकअदालतीत करा, आकडा नाही पटला तर केस चालूच राहते.